संगणकाची विस्मृती

कोणतेही यंत्र बंद केले म्हणजे ते थांबले, अशी आपणा सर्वांची समजूत असते, आणि बहुतेक यंत्रांच्या बाबतीत ती खरीही ठरते. पंखा बंद केला की पाती चार फेरे घेऊन स्थिर होतात. पिठाच्या गिरणीचा खटका खाली ओढला की पट्टा थांबतो. संगणकाच्या बाबतीत मात्र थांबणे आणि विसरणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. पहिली झाली म्हणजे दुसरी आपोआप झालीच, असे धरून चालणे कित्येकदा धोक्याचे ठरते. बंद झालेल्या संगणकाच्या स्मृतीत काय उरते, ते का उरते आणि ते पुसावयाचे कसे, एवढाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

आरंभी एक घोटाळा दूर केला पाहिजे. संगणकात दोन प्रकारची स्मृती असते. एक डिस्कची. तिच्यावर लिहिलेले वीज गेली तरी टिकते, कारण ते टिकावे म्हणूनच लिहिलेले असते. दुसरी चालू कामाची स्मृती, जिला आपण रॅम म्हणतो. डिस्क ही वही आणि रॅम ही पाटी, असे समजले म्हणजे पुरे. वहीतला हिशेब पाटीवर उतरवून घ्यावयाचा, पाटीवर बेरीज-वजाबाकी करावयाची आणि उत्तर पुन्हा वहीत लिहावयाचे, असा संगणकाचा दिवसभराचा उद्योग चालू असतो. वीज गेली की पाटी कोरी होते, असे शाळेच्या पुस्तकांतून शिकवितात. हे विधान खोटे नाही. परंतु 'केव्हा कोरी होते' या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही, आणि सारी मौज व सारा धोका त्या 'केव्हा'मध्येच आहे.

पूर्वीच्या यंत्रांची पाटी तर कोरी होतच नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेले आणि १९६० साली कामास लागलेले 'टिफ्रॅक' हे गणकयंत्र घ्या. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. प्रत्येक कडे एका दिशेने चुंबकित केले तर शून्य, उलट दिशेने केले तर एक. चुंबकत्व टिकविण्यास वीज लागत नाही. त्यामुळे अशा स्मृतीतला मजकूर यंत्र बंद केल्यावरही जागच्या जागी राहू शकतो. त्या काळच्या जाणकारास बंद यंत्राची स्मृती शाबूत असल्याचे कोणी सांगितले असते, तर त्याला त्यात नवल वाटले नसते. विस्मरणाची समजूत पुढे आली ती दुसऱ्या प्रकारच्या स्मृतीबरोबर.

ती दुसरी स्मृती म्हणजे आजची डीरॅम. आय्‌.बी.एम्‌. कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली तिच्या रचनेचे पेटंट मिळाले, आणि १९७० साली इंटेल कंपनीने विद्युद्भारावर चालणारी १,०२४ बिटांची स्मृति-चिप बाजारात आणली. डेनार्ड यांची कल्पना विलक्षण साधी आहे. एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म कपॅसिटर, म्हणजे विद्युद्भार साठविणारी कुपी, एवढ्यावर एक बिट भागते. कुपी भरलेली असणे ही एक स्थिती आणि रिकामी असणे ही दुसरी. आज ८ गिगाबाइट रॅम असलेला संगणक अगदी सामान्य समजला जातो; त्यात अशा सुमारे ६,८७० कोटी कुप्या असतात.

अडचण अशी की, ही कुपी गळकी आहे. तिच्यातला भार थोडा थोडा निसटतच असतो. म्हणून एक तजवीज केलेली असते. पूर्वीच्या वाड्यांतून पाणक्या असे, त्याची येथे आठवण करावी. शंभर गळक्या घागरी ओळीने मांडल्या आहेत. काही भरावयाच्या आहेत आणि काही रिकाम्याच ठेवावयाच्या आहेत. पाणक्या एकेका घागरीत डोकावतो; अर्ध्याहून अधिक पाणी असेल तर ती काठोकाठ भरतो, नसेल तर ती रिकामी करून पुढे जातो. त्याची फेरी पुरेशी जलद असेल, तर घागरी गळक्या असूनही कोणती भरलेली आणि कोणती रिकामी हा हिशेब कधीच बिघडत नाही. डीरॅममध्ये हा पाणक्या ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या सुमारे सोळाव्या भागात, साऱ्या घागरींवरून एक फेरी पुरी करतो.

आता वीज गेली, म्हणजे पाणक्या निघून गेला. घागरी त्या क्षणी रिकाम्या होतात काय? मुळीच नाही. त्या पूर्वीच्याच गतीने गळत राहतात. ६४ मिलिसेकंदांची मुदत बांधलेली आहे ती सर्वांत गळक्या घागरीकडे पाहून. कोट्यवधी कुप्यांतली एकही चुकता कामा नये, म्हणून कारखानदाराने घेतलेली ती खबरदारी आहे. बहुतेक कुप्या त्याच्या कितीतरी पट अधिक काळ तग धरतात. त्यामुळे बटण दाबल्यानंतर काही क्षण, कधी काही सेकंद, पाटीवरची अक्षरे स्पष्ट असतात. नंतर ती हळूहळू अंधुक होत जातात.

गळतीचा वेग तपमानावर अवलंबून असतो, ही गोष्ट येथे फार महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात बाटलीतून धो धो वाहणारे खोबरेल पौषातल्या थंडीत थिजून बसते आणि बाटली उलटी धरली तरी बाहेर येत नाही. विद्युद्भार थिजत नाही हे खरे. पण तपमान उतरले की त्याची गळती मंदावते, आणि चढले की वाढते. चिपचे तपमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले तर पाणक्याला दुप्पट वेगाने फिरावे लागते, तो याच कारणाने. उलट, १९७८ साली द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेल्या डीरॅमने पाणक्याच्या एकाही फेरीवाचून आठवडाभर मजकूर धरून ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे विद्युत्‌शास्त्राच्या जाणकारांना ही गोष्ट अगदीच अज्ञात होती असे नाही. पीटर गटमन यांनी १९९६ साली चुंबकीय व इलेक्ट्रॉनिक स्मृतीतील मजकूर पुसण्याच्या प्रश्नावर निबंध वाचला होता, आणि सेर्गेई स्कोरोबोगातोव यांनी केंब्रिज येथे २००२ साली दुसऱ्या जातीच्या रॅमवर थंडीचे प्रयोग केले होते. परंतु शास्त्रज्ञांच्या टिपणवहीत असलेली गोष्ट आणि लोकव्यवहारात उतरलेली गोष्ट यांत पुष्कळ अंतर असते.

ते अंतर २००८ साली एकदम तुटले. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे ॲलेक्स हाल्डरमन, एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी नेहमीच्या वापरातले संगणक घेतले, त्यांची वीज तोडली आणि स्मृतीत काय उरते ते मोजले. खोलीच्या तपमानाला एका यंत्रातील मजकूर सुमारे अडीच सेकंदांत पार नाहीसा झाला, तर दुसऱ्या एका यंत्राला सरासरी ३५ सेकंद लागले. नंतर त्यांनी संगणकावरची धूळ उडविण्यासाठी मिळतो तो दाबलेल्या वायूचा डबा घेतला, तो उलटा धरला आणि त्यातून निघणारा थंडगार द्रव चिपवर फवारला. चिप उणे ५० अंशांपर्यंत थंड झाली. वीज तोडून १० मिनिटे लोटल्यावरही शेकड्याला एकाहून कमी बिट बिघडले होते. द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडविलेली चिप तर तासभर संगणकाबाहेर ठेवूनही केवळ ०.१७ टक्के बिघडली. लिओनार्दोच्या मोनालिसाचे चित्र त्यांनी स्मृतीत ठेवले होते. पाच सेकंदांनी ते जवळजवळ जसेच्या तसे होते. पुढे तीस सेकंद, साठ सेकंद असा वेळ जात चालला तसतसे पट्ट्यापट्ट्यांनी विरत गेले. रात्रीच्या आकाशात विझत जाणारा मजकूर प्रथमच सर्वांना डोळ्यांनी दिसला.

असा मजकूर कोणी वाचला तर बिघडले कोठे, असा प्रश्न सूज्ञ श्रोता विचारील. त्याचे उत्तर किल्लीत आहे. संगणक चोरीस गेला तरी आतला मजकूर चोराच्या हाती लागू नये, म्हणून डिस्क कूटबद्ध करण्याची पद्धत आज रूढ आहे. वकिलाकडील पक्षकारांची कागदपत्रे, डॉक्टरांकडील रोग्यांच्या नोंदी, पत्रकाराने नाव गुप्त ठेवण्याचे वचन देऊन मिळविलेली माहिती, हे सर्व त्या कुलपाआड असते. कुलूप भक्कम आहे. ते बळाने फोडण्यास आजच्या यंत्रांना कल्पान्त लागेल. पण संगणक चालू असताना त्याला स्वतःला ते कुलूप क्षणाक्षणाला उघडावे लागते. म्हणून किल्ली पाटीवर, म्हणजे रॅममध्येच, लिहून ठेवलेली असते. तिजोरी पोलादी आणि किल्ली दाराच्या खिळ्याला, असा हा प्रकार होय. प्रिन्स्टनच्या मंडळींनी त्या काळी प्रचारात असलेल्या चार प्रसिद्ध कूटपद्धती, म्हणजे बिटलॉकर, फाइलव्हॉल्ट, डीएम-क्रिप्ट आणि ट्रूक्रिप्ट, याच वाटेने उघडून दाखविल्या. कुलपाला त्यांनी हातही लावला नाही. खिळ्यावरची किल्ली काढून घेतली.

किल्लीचे काही बिट बिघडलेले असले तरी त्यांचे काम अडले नाही. याचे कारण मनोरंजक आहे. एईएस या कूटपद्धतीत १६ बाइटांच्या मूळ किल्लीपासून वेग वाढविण्यासाठी आणखी किल्ल्या आगाऊ काढून ठेवतात आणि ती सारी १७६ बाइटांची माळ स्मृतीत पडून राहते. एखादी तान्हुली कविता दहा विद्यार्थ्यांनी आपापल्या वहीत उतरवून घेतली आणि प्रत्येक वहीवर दोन-दोन थेंब शाईचे सांडले, तरी दहाही वह्या शेजारी ठेवल्या की कविता पुरी वाचता येते. तसेच येथे होते. वेगासाठी केलेली सोय चोराच्या उपयोगी पडते.

आता पुसण्याकडे वळू. पाटी पुसणे म्हणजे तिच्यावर दुसरे काही लिहिणे. डीरॅमच्या बाबतीत एकदा शून्ये लिहिली की व्यवहारापुरते काम होते. डिस्कवर ३५ वेळा लिहावे अशी जी एक समजूत आहे, ती गटमन यांच्या १९९६च्या निबंधावरून निघाली. ती जुन्या चुंबकीय डिस्कांच्या निरनिराळ्या लेखनपद्धती एकत्र धरून केलेली यादी होती, आणि नव्या डिस्कांना तिचा सगळा सोपस्कार निरर्थक आहे, हे खुद्द गटमन यांनीच पुढे लिहिले आहे. रॅमला त्याची गरज नाही. सेकंदाला १० गिगाबाइट एवढा लिहिण्याचा वेग धरला, तर १६ गिगाबाइटांची पाटी पावणेदोन सेकंदांच्या आत पुसून होते. मग अडते कोठे?

पहिली अडचण अशी की, पुसणारा स्वतःच पाटीवर बसलेला असतो. संगणक बंद करणारी आज्ञावलीही रॅममध्येच असते. सर्व काही पुसावयाचे म्हणजे आपण बसलो ती फांदीच तोडावयाची. यावर 'टेल्स' या नावाच्या कार्यप्रणालीने काढलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. ज्यांना मागमूस ठेवावयाचा नाही अशांसाठी ती मुद्दाम रचलेली आहे. आरंभी ती बंद होताना एक नवा छोटा कारभारी स्मृतीच्या एका कोपऱ्यात बोलावी आणि तो बाकीची सारी जागा पुसून काढी. पुढे तिने अधिक शहाणपणाचा मार्ग धरला. स्मृतीचा जो तुकडा रिकामा होईल तो त्याच क्षणी ठरावीक आकड्यांनी भरून टाकावयाचा, म्हणजे शेवटी पुसण्यासारखे फारसे उरतच नाही. ती ज्या यूएसबी कांडीवरून चालते ती उपटून काढली, तरीही बंद होण्याची व पुसण्याची क्रिया सुरू होते. लिनक्सच्या मूळ गाभ्यातही २०१९ साली, ५.३ या आवृत्तीपासून, स्मृतीचा तुकडा देताना किंवा परत घेताना तो शून्यांनी भरण्याची सोय आली. उष्टे ताट साठवून रात्री घासण्यापेक्षा जेवण झाल्याबरोबर घासावे, हा घरोघरचा नियमच येथे कामी आला आहे.

दुसरी अडचण अधिक विनोदी आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने 'किल्लीची जागा पुसून टाक' असे स्पष्ट लिहिले, तरी ते यंत्रभाषेत उतरविणारा कंपायलर विचार करतो की, ही जागा पुढे कोणी वाचणारच नाही. मग तेथे शून्ये लिहिण्याची खटपट कशाला? आणि काटकसर म्हणून तो ते वाक्यच गाळून टाकतो. अतिहुशार कारकुनाने साहेबांचा हुकूम अनावश्यक समजून दप्तरी दाखल करावा, त्यातलाच हा प्रकार. यासाठी 'हे गाळू नकोस' असे बजावून सांगणारे वेगळे शब्द भाषेत घालावे लागले. ओपनबीएसडी या प्रणालीने असा एक शब्द २०१४ साली आणला, आणि सी भाषेच्या सी-२३ या प्रमाणात त्याच कामाच्या दुसऱ्या एका शब्दाला अधिकृत जागा मिळाली.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. पुसण्यास वीज लागते! रीतसर बंद केलेला संगणक जाता जाता पाटी पुसू शकतो. पण भारनियमनात अकस्मात वीज गेली किंवा चोराने बॅटरीच काढली, तर पुसणार कोण? यावर ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुप या संस्थेने २००८ साली एक तोड सुचविली. कार्यप्रणालीने काम सुरू करतानाच, वीज गेल्यावरही टिकणाऱ्या एका जागी खूण करून ठेवावी की, 'पाटीवर गुप्त मजकूर आहे'. रीतसर बंद होताना मजकूर पुसून ती खूण काढावी. पुढच्या वेळी सुरू होताना खूण तशीच दिसली, तर आधी सारी पाटी पुसावी आणि मगच दुसऱ्या कोणास आत घ्यावे. कल्पना चांगली आहे. पण चिपच उपटून दुसऱ्या संगणकात बसविली तर या खुणेला कोण विचारतो? आणि २०१८ साली एफ-सिक्युअर या कंपनीच्या दोन संशोधकांनी ती खूणच बदलून टाकता येते, हेही दाखवून दिले.

म्हणून काहींनी असा विचार केला की, किल्ली पाटीवर लिहूच नये. जर्मनीतील एर्लांगेन येथील संशोधकांनी २०११ साली 'ट्रेझोर' नावाची रचना केली. तिच्यात किल्ली रॅममध्ये न ठेवता प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या कप्प्यांत ठेवतात. दुसरा मार्ग म्हणजे पाटीवर जे लिहावयाचे ते कूटलिपीतच लिहावयाचे. एएमडी कंपनीने २०१७ पासून आपल्या एपिक प्रोसेसरांत ही सोय दिली, आणि इंटेलनेही पुढे तोच मार्ग धरला. येथे रॅमची चिप गोठवून नेली तरी हाती लागतो तो निरर्थक आकड्यांचा ढीग. आमच्या मते दीर्घकालीन उपाय हाच होय. कारण तो पुसणाऱ्याच्या चपळाईवर अवलंबून राहत नाही.

हे सर्व ऐकून कोणी घाबरून जाऊ नये. ज्याला ही चोरी करावयाची आहे त्याला चालू असलेला, किंवा काही क्षणांपूर्वीच बंद झालेला संगणक प्रत्यक्ष हातात मिळावा लागतो. आदल्या रात्री रीतसर बंद केलेल्या संगणकाच्या रॅममध्ये सकाळी काहीही उरलेले नसते. अनेक नव्या पातळ लॅपटॉपांत रॅमच्या चिपा डाख देऊन बसविलेल्या असल्याने त्या उपटणेही कठीण झाले आहे. जुना संगणक विकताना चिंता करावयाची ती रॅमची नव्हे, डिस्कची.

खरा धोका आहे तो 'बंद केला' असे म्हणून आपण जे करतो त्यात. लॅपटॉपचे झाकण मिटले म्हणजे तो बहुधा बंद होत नाही, झोपतो. झोपेत प्रोसेसर स्वस्थ असतो, पण पाणक्या जागा असतो. पाटीवरचे अक्षर न्‌ अक्षर, किल्लीसुद्धा, शाबूत असते, आणि तेही तासन्‌तास. रेल्वेच्या फलाटावरून पिशवीसकट उचलला जाणारा लॅपटॉप बहुधा याच अवस्थेत असतो. शीतनिद्रा, म्हणजे हायबरनेशन, ही वेगळी. तीत पाटीवरचा मजकूर डिस्कवर उतरवून मग वीज तोडतात. येथे रॅम विसरते, पण तिची नक्कल वहीत जाऊन बसते. ती वही कूटबद्ध असेल तर ठीक, नसेल तर पुसलेल्याचे काय सार्थक? २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'जलद प्रारंभ' म्हणून जी सोय आहे, तीतही बंद करताना प्रणालीचा गाभा असाच डिस्कवर ठेवला जातो. वापरणाऱ्याच्या आज्ञावल्या तेवढ्या मिटलेल्या असतात.

तेव्हा ज्याच्याजवळ दुसऱ्यांची गुपिते आहेत अशा माणसाने चार गोष्टी कराव्यात. डिस्क कूटबद्ध करावी. कारण ती उघडी असेल तर रॅमची सारी चर्चा व्यर्थ आहे. सुरू होतानाच अंक विचारला जाईल अशी व्यवस्था करावी, म्हणजे मालकावाचून किल्ली पाटीवर येणारच नाही. प्रवासास निघताना यंत्र झोपवू नये, पुरते बंद करावे. आणि बंद केल्यावर मिनिटभर ते नजरेआड होऊ देऊ नये. पहिल्या तीन गोष्टी एकदा अंगवळणी पडल्या की त्यांचा भार वाटत नाही, आणि चौथीला लागते ते केवळ मिनिटभराचे धैर्य.

एक बाजू सांगावयाची राहिली. स्मृतीचा हा रेंगाळण्याचा गुण केवळ चोराच्याच कामी येतो असे नाही. गुन्ह्याचा तपास करणारे तज्ज्ञ चालू संगणक हाती लागला तर तो घाईने बंद करीत नाहीत. आधी रॅमची प्रत घेतात, कारण डिस्कवर कधीच न उतरलेला पुरावा तेथे असू शकतो. एकच गुण न्यायाच्याही उपयोगी पडतो आणि अन्यायाच्याही. म्हणून पाटी पुसण्याचे ज्ञान जितके सर्वांना असेल तितके बरे. केवळ तज्ज्ञांपाशी आणि चोरांपाशी ते राहिले, तर मध्ये सापडतो तो सामान्य माणूस.

माणसाला विसरण्यास शिकावे लागत नाही. आठवण ठेवण्यासाठीच त्याला घोकंपट्टी करावी लागते. यंत्राचेही तसेच असेल असे आपण गृहीत धरले होते. प्रत्यक्षात त्याला पुसण्याचे काम नेमून द्यावे लागते, त्यासाठी वेळ व वीज राखून ठेवावी लागते, आणि ते काम खरोखरच झाले की नाही हे पाहावे लागते. विश्वासाने सोपविलेला मजकूर ज्याच्या यंत्रात आहे, त्याचे कर्तव्य तो जपण्याने संपत नाही; काम झाल्यावर तो पुसण्यापर्यंत ते पोचते.